पियदासशी भांडण

देवमनच्या घरातून आजवर कुणी न भांडता गेलेलं नाही. पाहुणा चार दिवस राहो की महिनाभर, निघायच्या सकाळी देवमनची बायको वच्छला त्याच्याशी कडाकडा भांडते आणि मगच त्याच्या पिशवीत शिदोरी घालते. पोरगी धम्मदीपा पुण्याला नोकरीला आहे. तिचं आणि आईचं तर आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. मागच्या दिवाळीत लोणच्याच्या बरणीवरून जुंपली. "नेत नाई त नोको नेऊ, मी काई तुह्या पाठी लागून नाई राह्यली," असं आई म्हणाली. "मंग मी येतच नाई आता," असं पोरगी म्हणाली आणि फणफणत एसटीत जाऊन बसली. बस वळणाआड गेली तशी वच्छलाने पदर खोचला, घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि निंदायला शेतात गेली. बरणी पोरीच्याच पिशवीत होती, हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, ही काय रीत झाली? पण त्यामागे अनुभव आहे. एकदा वच्छलाची धाकटी बहीण रंजीता भांडण न होता गेली होती. सगळं कसं गोडीगुलाबीत. तर दोघी बहिणी देवमनच्या गावी, आसेगावच्या बसथांब्यावर गळ्यात गळा घालून अशा रडल्या, की कंडक्टर खाली उतरला आणि कोण वारलं म्हणून विचारू लागला. पुढे कितीतरी दिवस घरात भाजीला धड मीठ पडलं नाही. तेव्हापासून देवमनलाही पटलं होतं, की माणसाला राग आला म्हणजे तो तरातरा चालतो, मागे वळून बघत नाही आणि त्याचे डोळे कोरडे राहतात. जाणाऱ्याचं बरं होतं आणि राहणाऱ्याचंही.

आणि म्हणूनच पियदास उद्या जाणार, तरी त्याच्याशी अजून भांडण झालेलं नाही, याचा देवमनला घोर लागला होता.

पियदास हा लंकेचा माणूस. देवमन ओमानमध्ये रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत पाण्याचा टँकर चालवायचा, पियदास त्याच कॅम्पवर इलेक्ट्रिशियन होता. एका खोलीत वर-खाली लोखंडी पलंग. खाली देवमन, कारण त्याचा गुडघा दुखायचा, आणि वर पियदास. अशी एका तपाच्या वर वर्षं गेली. सुरुवातीला एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं. पण पहिल्याच पौर्णिमेला पियदास पलंगावर मांडी घालून पालीत बुद्धवंदना म्हणू लागला, आणि खालून देवमनने पुढची ओळ म्हटली. पियदास पलंगावरून पडता पडता राहिला. पुढे त्याची आई वारली आणि कंपनीने सुट्टी दिली नाही, तेव्हा देवमन कामावर खाडा करून दिवसभर त्याच्याजवळ बसला होता. देवमनला कावीळ झाली तेव्हा पियदासने त्याला लहान पोरासारखं भात भरवलं. पियदास त्याला 'अय्या' म्हणायचा. त्यांच्यात मोठ्या भावाला अय्या म्हणतात. देवमन त्याच्यापेक्षा एका पावसाळ्याने मोठा होता.

बोलायची भाषा मात्र पियदास देवमनकडून शिकला. आपण हिंदी शिकतो आहोत अशी त्याची पक्की समजूत होती, आणि देवमनला ती मोडावी असं कधी वाटलं नाही. कारण देवमनलाही आपण हिंदीच बोलतो असं वाटायचं. मग यंदा लंकेतल्या आपल्या गावच्या मंडळींबरोबर पियदास बुद्धगयेच्या यात्रेला निघाला, तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं की मला हिंदी येतं, दुभाष्याची गरज नाही. गयेला उतरल्यावर त्याने रिक्षावाल्याला विचारलं, "बाप्पा, विहारात कायनं जा लागते?" रिक्षावाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. दोन दिवसांत मंडळींनी दुसरा दुभाष्या धरला आणि पियदास गप्प झाला.

पुढे मंडळी अजिंठ्याला गेली आणि पियदास चार दिवसांची सुट्टी काढून एकटाच आसेगावला आला. बसमधून उतरल्यावर समोर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मनकर्णाबाई दिसली. देवमनच्या शेताशेजारी ज्याचं शेत, त्या जगदेवची ही आई.

"माय, देवमनचं घर कुठीसा हाय वं?" पियदासने विचारलं.

"त्या विहाराच्या मांगं. कोन्या गावचा रे बाबू तू?"

"लंकेचा."

मनकर्णाबाईने भारा खाली टाकला. "चेहऱ्यावरून त बरा दिसतं. बुढ्या बाईची मजाक करून राह्यला काय?"

पियदासने पासपोर्ट दाखवला तरी तिला पटलं नाही. लंकेचा माणूस असं तोंड भरून वऱ्हाडी बोलेल, हे कुणालाच पटलं नाही. पण पियदासला काय आनंद! इतक्या दिवसांनी त्याची 'हिंदी' एका माणसाला कळली होती. आसेगावभर हिंडून तो दिसेल त्याच्याशी बोलत सुटला.

चार दिवस कुठे गेले ते कळलं नाही. जगदेवने शेतात रोडग्यांचा कार्यक्रम केला. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. ती खाताना वाशीमच्या साहेब लोकांनाही घाम फुटतो. पियदासने तिसऱ्यांदा वाढून घेतली आणि वर हिरवी मिरची मागितली. त्या दिवसापासून मनकर्णाबाई त्याला बिभीषण म्हणू लागली. आणि पाहुणा परमुलखातला म्हणून घरोघरी त्याला टॉवेल-टोपीचा मान मिळाला. पियदासला वाटलं, मान दिलेली टोपी काढणं म्हणजे अपमान. म्हणून तो एकीवर एक टोप्या घालून पुढच्या घरी जायचा.

हे सगळं छानच होतं. पण देवमन दर घासाला निघायच्या दिवसाचा हिशेब करत होता. ओमानमधून तो परत आला तेव्हा निरोप झालाच नव्हता. कंपनीने काम गुंडाळलं, एका सकाळी याद्या लावल्या आणि दुपारी माणसं विमानतळावर नेऊन सोडली. पियदास तेव्हा लांबच्या साइटवर गेलेला. देवमनने आपली कढई त्याच्या पलंगावर ठेवली आणि निघाला. विमानात त्याला रडूही आलं नाही. आता पियदास स्वतःच्या पायाने दारात आला होता, आणि दोघांचीही पन्नाशी उलटलेली. इतक्या लांब दुसऱ्यांदा कोण येतं? म्हणजे निरोप द्यायचा तो एकदाच, आणि तो चांगला झाला पाहिजे. देवमनला आपली खात्री नव्हती. बाप गेला तेव्हा न रडलेला हा माणूस. पण पियदास गाडीत चढतो आहे असं नुसतं मनात आलं तरी त्याच्या हनुवटीला कंप सुटायचा. तिकडे तो बिचारा परक्या मुलखात एकटा रडत जाणार, इकडे आपण गावासमोर हसं करून घेणार. त्यापेक्षा भांडण बरं.

पण भांडायचं कशावरून? बारा-तेरा वर्षं एका खोलीत राहून दोघांत एकदाही वाजलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी देवमनने क्रिकेटपासून सुरुवात केली. "काय रे पियदास, तुमच्या टीमले आता ब्याट तरी धरता येते काय?"

"नाई येत, अय्या," पियदास म्हणाला. "लय बेकार झाली." आणि तो एवढा खचून गेला, एकेका खेळाडूची नावं घेऊन असा हळहळू लागला, की शेवटी देवमनलाच त्यांच्या जुन्या वर्ल्डकपची आठवण काढून त्याची समजूत घालावी लागली.

मग देवमनने आवाज चढवला. "अन् तू घोरत होता ना बे! इतके वर्ष मले झोपू नाई देल्लं तुनं!"

"मी नाई अय्या, तू घोरत होता."

"मी?" देवमनला बरं वाटलं. आता पेटेल असं वाटून तो पुढे सरसावला. "मंग सांगतलं काहून नाई मले?"

"कायले सांगू? खालून तुह्या घोरण्याचा आवाज आला का मले वाटे, चाला, अय्या झोपला, सगळं बरोबर हाय. मंग मी झोपू. तू गेल्यावर त्या खोलीत मले झोपच नाई येत होती."

देवमन उठला आणि बैलाला पाणी दाखवण्याच्या निमित्ताने गोठ्यात गेला. बैलाने पाणी मघाशीच प्यायलं होतं.

शेवटी त्याने हात टेकले आणि वच्छलाला म्हणाला, "तूच काई कर. तुले सवय हाय."

"उद्या सकायी पाहा," वच्छला म्हणाली. आजवर तिने भल्याभल्यांना रागाने घराबाहेर काढलं होतं. हा लंकेचा साधा गरीब माणूस, त्यात काय अवघड?

सकाळी पियदास आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, बॅग भरून ओसरीवर आला. टॉवेलांनी बॅग एवढी फुगली होती की चेन लागत नव्हती. वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने परात दाणकन आपटली.

"चालले काय भाऊजी? चार दिवसांत जीव कातावला आमच्या घरात? हे काय धर्मशाळा समजली तुमी, का आलं, खाल्लं, झोपलं अन् चाललं? आमचं बोलनं आवडलं नसीन, आमचं जेवन आवडलं नसीन. मोठ्या देशाचे मानसं तुमी!"

देवमन दारामागे कान लावून उभा होता. सुरुवात झकास झाली होती. धम्मदीपा असती तर एवढ्यावर ताट सरकवून उठली असती.

पियदास खाली मान घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने बॅग खाली ठेवली, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि चुलीसमोर पाट ओढून बसला.

"बरोबर हाय, वहिनी. माहंच चुकलं. आता नाई जात. अजून आठ-पंधरा रोज राहतो."

वच्छलाच्या हातातली भाकरी तव्याच्या बाहेर पडली. मंडळी संध्याकाळी अकोल्याला येणार होती, तिथून नागपूर आणि पुढे परतीचं विमान. तिकिटं काढलेली होती. मग त्याने जावं म्हणून दोघं नवरा-बायको अर्धा तास त्याच्या विनवण्या करत होते. "तुह्या वहिनीले आवडलंच हाय तुहं राहनं, पन जा आता," असं काहीतरी देवमन बोलून गेला. जगदेव गाडी घेऊन दारात आला तेव्हा तिघंही घामाघूम झाले होते आणि भांडण होतं तिथेच होतं.

गाडी वाशीमच्या स्टेशनकडे निघाली. जगदेव गाडी चालवत होता, वच्छला शिदोरीचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढे बसली होती आणि मागे हे दोघं, मध्ये ती फुगलेली बॅग. रस्त्याकडेला सोयाबीन काढलेली शेतं मोकळी पडली होती. एकदा पियदास म्हणाला, "अय्या, गुडघ्याले तेल लावत जाय." देवमन खिडकीबाहेर बघत "हाव" म्हणाला.

स्टेशनवर आल्यावर अकोल्याकडची गाडी थोडी उशिरा असल्याचं कळलं. देवमन फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसला. तोच पियदास "आलोच" म्हणून बाहेर गेला आणि परत येईना. वच्छला दोनदा दारापर्यंत जाऊन आली. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटल्याची घोषणा झाली. देवमनच्या मनात नाही नाही ते आलं. वच्छलाचं बोलणं लागलं असेल का? आपण 'जा आता' म्हणालो ते लागलं असेल का? भांडण करायची एवढी हौस असलेल्या माणसाला आता नुसत्या शंकेनेच धाप लागली.

आणि पियदास आला. त्याच्या हातात विड्याच्या पानांची एक जुडी होती, ताजी, हिरवीगार, पाणी निथळणारी. "चार टपऱ्या फिरलो," तो म्हणाला. "सगळे म्हन्ते, मसाला का मिठा? मी म्हनलं, बाप्पा, नुसते पानं दे. कोनी देईच ना."

मग त्याने पायातल्या चपला काढल्या, पानांची जुडी दोन्ही हातांत धरून देवमनपुढे केली आणि गुडघे टेकून देवमनच्या पायाशी वाकायला लागला.

देवमनने झटकन दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले.

"अबे! हे काय करून राह्यला?"

"पाय खाली घे, अय्या."

"नाई घेत."

"घे खाली. गाडी येऊन राह्यली."

"येऊ दे. मी पाया पडू देत नाई. ऊठ पह्यले. लोक पाहून राह्यले."

लोक खरंच बघत होते. पन्नाशीचा एक भारदस्त माणूस पाय पोटाशी घेऊन बाकावर बसलेला, आणि दुसरा त्याच्यापुढे गुडघ्यावर, हातात पानं घेऊन. शेंगदाणेवाला थांबला. एक म्हातारी म्हणाली, "पडू दे ना रे बापा पाया, एवढ्या मनानं पडून राह्यला तो." पियदास डावीकडून वाकला की देवमन उजवीकडे सरके, उजवीकडून वाकला की डावीकडे. जगदेव हसू दाबायला तोंड फिरवून सिग्नलकडे बघत होता.

शेवटी देवमन ओरडला. "पियदास, आमच्या घरात हे चालत नाई! माह्या आज्यानं जिंदगीभर दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहून मान वाकवली. माह्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली, अन् घरी आल्या आल्या सांगतलं, का आजपासून या घरातलं कोनी कोनासमोर वाकनार नाई, अन् आपल्यासमोर कोनाले वाकू देनार नाई. मी माह्या पोरीले वाकू देत नाई. तुले कसा देऊ?"

आणि इथे ती गोष्ट घडली, जी इतक्या वर्षांत घडली नव्हती. पियदास चिडला. त्याचे कान लाल झाले. तो उभा राहिला आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला.

"तुह्या बापानं मोठ्या मानसाची गोष्ट सांगतली! तू कायचा मोठा मानूस हाय बे? टँकर ड्रायव्हर! मी तुले मोठा समजून वाकून राह्यलो काय? आमच्या इथी दूर जानारा मानूस हातात पान देते, वाकते, अन् म्हन्ते, मनानं, तोंडानं, हातानं, जानून, नजानून काई चुकलं असीन त माफ कर. हे बोलल्याबिगर जानारा पुरा जातच नाई. अर्धा मांगंच राह्यते. मी साइटवरून आलो, त तुही गादी गुंडाळेल होती. वर माह्या पलंगावर एक कढई! कढईले काय म्हनू मी? तेव्हापासून मी अर्धा हाओ. एवढ्या दूर मी रोडगे खायाले आलो काय?"

हे माफीचे शब्द देवमनला अनोळखी नव्हते. विहारात भंतेजींसमोर तो स्वतःच ते पालीत म्हणायचा. पण एका माणसाने दुसऱ्या साध्या माणसाला ते म्हणावेत, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात गाडी धडधडत फलाटाला लागली.

"राहू दे," पियदास म्हणाला. "नोको घेऊ पाय खाली." त्याने पानं बाकावर ठेवली, चपला पायात सरकवल्या, बॅग उचलली आणि तो डब्याकडे निघाला. तरातरा चालत. एकदाही मागे न बघता. डोळे कोरडे ठाक.

अगदी असाच निरोप देवमनला हवा होता. चार दिवस तो याच्यासाठी झुरत होता, बायकोलाही त्याने कामाला लावलं होतं. आता तो समोर घडत होता, आणि देवमनला तो नकोसा झाला. त्याने बाकावरून उडी मारली. गुडघ्यातून कळ गेली. एक चप्पल बाकाखालीच राहिली. पानांची जुडी घेऊन तो एका अनवाण्या पायाने लंगडत धावला.

"अबे थांब! पियदास! थांब ना बे!"

पियदास डब्याच्या दारापाशी थांबला.

"ऐक," देवमन धापा टाकत म्हणाला. "एक वाकला त एक वर होते अन् एक खाली होते. मले ते चालत नाई. दोघं वाकलो त? मंग वर कोन?"

पियदासने बॅग खाली ठेवली. त्याने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. दोघांनी हात जोडले. दोघंही समोरासमोर उभे होते, मध्ये जागा हातभरसुद्धा नव्हती, आणि दोघांनाही घाई होती. दोघं एकदम वाकले.

टणकन आवाज झाला. शेंगदाणेवाल्याला ऐकू गेला म्हणजे बघा. दोघंही कपाळ धरून फलाटावर खाली बसले. चढणारी-उतरणारी माणसं शिव्या देत बाजूने जात होती. आधी पियदासला हसू फुटलं, मग देवमनला. हसता हसता पियदासने चुरगळलेली पानं असलेला देवमनचा हात धरला आणि म्हणाला, "अय्या, मनानं, तोंडानं, हातानं काई चुकलं असीन—"

"नाई चुकलं," देवमन म्हणाला. "काईच नाई चुकलं रे तुहं. माहंच चुकलं असीन त पाह्य. तुह्यासारखा दोस्त मले या गावात नाई, कुठीच नाई. हे मी तथी ओमानात सांगतलं नाई, हे चुकलं माहं. माफ कर."

आणि दोघंही रडायला लागले. असे तसे नाही. बसल्या जागी, खांदे गदगदा हलवत, नाक ओढत, वाशीमच्या फलाटावर भर दुपारी. म्हातारीने डोळ्याला पदर लावला. कुणीतरी विचारलं, "मार लागला काय?" आणि जगदेव म्हणाला, "हाव, लय लागला."

गार्डने शिट्टी दिली. जगदेवने पियदासला काखेत धरून उचललं, दारातून आत ढकललं, मागून बॅग फेकली. वच्छलाने चालत्या गाडीत शिदोरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. सकाळी त्याला केवढं बोलली होती ती. आता नुसती म्हणाली, "पोचल्यावर फोन कराजा."

पियदास दारात उभा राहिला. कपाळावर टेंगूळ, डोळ्यांतून धारा, आणि ओरडत होता, "अय्या, पह्यले मी वाकलो!"

"खोटं नोको बोलू!" देवमन गाडीबरोबर लंगडत धावत होता. "संगच वाकलो!"

"मी पह्यले!"

"संगच, बे! संगच! वच्छलेले इचार!"

फलाट संपला तिथे देवमन थांबला. पियदास अजून हात हलवत काहीतरी ओरडत होता, पण ऐकू येत नव्हतं. मग शेवटचा डबाही बारीक होत गेला आणि रूळ मोकळे राहिले.

वच्छला मागून त्याची चप्पल हातात घेऊन आली. तिने ती त्याच्या पायापाशी ठेवली. "झालं मनासारखं भांडन?"

"झालं."

"मंग रडता काहून?"

देवमनने कपाळाला हात लावला. टेंगूळ चांगलं लिंबाएवढं आलं होतं. डोक्याला लागलं असं सांगून भागलं असतं, जगदेवनेही मान डोलावली असती. पण त्याने तसं सांगितलं नाही.

"दोस्त गेला ना माहा," तो म्हणाला, आणि तिथेच खांबाला टेकून पुन्हा रडू लागला. आता त्याला कुणाची लाज वाटत नव्हती. वच्छला त्याच्याजवळ उभी राहिली, आणि जगदेव तीन चहा सांगायला गेला.